दादरच्या डोक्यावरून जाणारा ग्रह: गच्चीत बसून एका वायुग्रहाची मापे कशी काढायची

दादरचा अक्षांश १९ अंश उत्तर. महाश्व तारकासमूहातल्या एचडी २०९४५८ या ताऱ्याची आजची क्रांतीही (म्हणजे आकाशातला अक्षांश) जवळजवळ १९ अंश उत्तर. म्हणजे हा तारा दिवसातून एकदा दादर-वरळी-शीव पट्ट्याच्या बरोब्बर डोक्यावरून, खमध्यातून जातो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, कारण त्याची प्रत ७.६ आहे (आकडा जितका मोठा तितका तारा मंद) आणि मुंबईच्या आकाशात चौथ्या प्रतीचा तारा दिसला तरी आपण खूश होतो. पण साध्या दुर्बिणीच्या जोडीत, म्हणजे बायनॉक्युलरमध्ये, तो सापडतो. त्याच्याभोवती गुरूहून मोठा पण गुरूहून हलका असा वायूचा एक तापलेला गोळा साडेतीन दिवसांत एक फेरी मारतो. ओसायरिस हे त्याचे अनौपचारिक नाव. परक्या ताऱ्यासमोरून जाताना माणसाने पकडलेला हा पहिला ग्रह, साल १९९९.

तो पकडला होता दहा सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीने. डेव्हिड शार्बोनो आणि टिमोथी ब्राउन यांनी अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये त्या वर्षीच्या सप्टेंबरात हे केले. त्याच सुमारास ग्रेगरी हेन्री आणि सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे तेच पाहिले. एवढ्या व्यासाच्या दुर्बिणी आज मुंबईत कित्येक कपाटांवर धूळ खात पडल्या आहेत. म्हणून हा लेख. ग्रहाचे चित्र यातून मिळणार नाही, ते कुणालाच मिळालेले नाही. मिळतील ती मापे: त्रिज्या, अंतर, वस्तुमान, घनता, तापमान. यातले एक माप तुम्ही स्वतः घ्याल, एकासाठी उसनवारी करावी लागेल आणि बाकीची आठवी-नववीच्या गणिताने निघतील.

आधी तारा शोधा

भाद्रपदांचा चौकोन ज्यांना ओळखता येतो त्यांचे अर्धे काम झाले. पूर्वा भाद्रपदेचे दोन तारे ही या चौकोनाची पश्चिमेकडची बाजू. त्यांतल्या दक्षिणेकडच्या ताऱ्यापासून, म्हणजे मर्कबपासून, पश्चिमेला हात लांब करून साधारण दीड मूठ सरका आणि किंचित उत्तरेला चढा. दुसरी खूण अशी: आयोटा पेगासी हा पावणेचार प्रतीचा तारा सापडला, तर त्याच्या दक्षिणेला साडेसहा अंशांवर आपला तारा आहे. मोबाइलवरचे आकाशाचे अ‍ॅप वापरायला हरकत नाही, पण गच्चीवरच्या लोखंडी टाक्या आणि जिने फोनमधल्या होकायंत्राला हमखास फसवतात, हे लक्षात असू द्या.

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. २० ऑक्टोबरच्या आसपास तारा रात्री पावणेनऊ-नऊला डोक्यावर येतो, १५ नोव्हेंबरला सातच्या सुमारास. पाऊस परतलेला असतो आणि धुरके अजून बसलेले नसते. अडचणी दोनच. आश्विन शुद्ध पक्षात कोजागरीच्या आदल्या एक-दोन रात्री चंद्र भाद्रपदांतूनच जातो, आणि दिवाळीच्या चार दिवसांत आकाश आपले नसते, फटाक्यांचे असते.

शनिवारचे गणित

ग्रहाचा फेरा ३.५२४७ दिवसांचा. तो दुप्पट केला की ७.०४९५ दिवस, म्हणजे सात दिवस आणि १ तास ११ मिनिटे. नोकरदार माणसाला यासारखी सोय नाही. एका शनिवारी अधिक्रमणाचा, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याचा, मध्य रात्री आठला असेल, तर पुढच्या शनिवारी ९ वाजून ११ मिनिटांनी आणि त्याच्या पुढच्या शनिवारी १० वाजून २२ मिनिटांनी. मधले अधिक्रमण साडेतीन दिवसांनी, साधारण बुधवारी सकाळी होते. ते आपल्या कामाचे नाही.

पहिली वेळ मात्र स्वतः काढत बसू नका. नासाच्या एक्झोप्लॅनेट आर्काइव्हमध्ये अधिक्रमणांच्या वेळा देणारी सेवा आहे. तिथे अक्षांश १९, रेखांश ७२.८ भरा. उत्तर जागतिक वेळेत येते, त्यात साडेपाच तास मिळवा. हे मुद्दाम सांगतो, कारण मी एकदा साडेपाच वजा केले होते आणि मच्छर चावून घेत पाच तास एका अगदी स्थिर ताऱ्याचे फोटो काढले होते.

अधिक्रमण चालते तीन तास आणि चार-पाच मिनिटे. त्याच्या आधी एक तास आणि नंतर एक तास धरून पाच तासांची बैठक ठेवा. कडेचे दोन तास कंटाळवाणे असतात, पण तेच सगळ्यात महत्त्वाचे. ग्रह समोर नसताना तारा किती तेजस्वी होता हे कळले नाही, तर तो मंद झाला असे म्हणणार तरी कशाच्या तुलनेत?

गच्चीवर

साहित्य: आठ-दहा सेंटीमीटर व्यासाची दुर्बीण किंवा तेवढ्याच तोंडाची मोठी टेलिलेन्स, डीएसएलआर कॅमेरा, ताऱ्यामागे आपोआप फिरणारा स्टँड, लॅपटॉप, एक्स्टेंशन बोर्ड, सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी. शेवटची गोष्ट आधी मिळवा. ‘ग्रह बघायचाय’ म्हटले की परवानगी मिळते. ‘ताऱ्याची दीप्ती मोजायची आहे’ म्हटले की प्रश्न सुरू होतात.

तारा डोक्यावरून जातो याचा फायदा असा, की त्याचा प्रकाश हवेच्या सगळ्यात पातळ थरातून येतो. तोटा असा, की वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा स्टँड खमध्याजवळ गोंधळतो. तिथे तारा काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेकडे उलटतो आणि स्टँडला गर्रकन अर्धा फेरा मारावा लागतो. विषुववृत्तीय (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरणारा) स्टँड असेल तर हा त्रास नाही, पण याम्योत्तर, म्हणजे डोक्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा, ओलांडताना दुर्बीण एकदा उलटवावी लागते. ती वेळ आधीच काढून ठेवा आणि ग्रह ताऱ्याच्या कडेवर असताना, म्हणजे सुरुवातीच्या किंवा शेवटच्या अर्ध्या तासात, काही झाले तरी उलटवू नका. शिवाय असा स्टँड लावायला ध्रुवतारा लागतो. आपल्याकडे तो क्षितिजापासून फक्त १९ अंश वर असतो आणि नेमका तिथेच कुणाचा तरी टॉवर उभा राहिलेला असतो. मग कंपास आणि चाचपणी यांवर भागवावे लागते.

आता फोटो. इथे सवयीच्या उलट वागायचे आहे: फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. तारा टाचणीच्या टोकासारखा न येता छोट्या चकतीसारखा आला, की त्याचा प्रकाश शेकडो पिक्सेलांवर पसरतो. मग एखादा पिक्सेल खराब असला किंवा तारा जरा सरकला तरी बेरीज बिघडत नाही. फाइल रॉ स्वरूपात, आयएसओ कमी, एक्स्पोजर तीस ते साठ सेकंद. चकतीचा कुठलाही भाग पांढराफट्ट होता कामा नये. एकदा सेटिंग ठरले की पाच तास कशालाही हात लावायचा नाही.

लेन्सवर स्वच्छ पांढरे धोतर ताणून संध्याकाळच्या आकाशाचे वीस-पंचवीस फोटो घ्या. कॅमेऱ्याचा कोपरा मध्यापेक्षा किती काळपट येतो ते त्यांवरून कळते. झाकण लावून, तेवढ्याच एक्स्पोजरचे तितकेच काळे फोटोही घ्या. हे दोन्ही टाळायचा मोह होतो. टाळलेत तर आलेखात येणारे चढउतार ग्रहाचे की कॅमेऱ्याचे, ते कधीच कळणार नाही.

माझा एक चांगला शनिवार शेजारच्या टर्फने घालवला. रात्री दहाला फुटबॉलची मॅच सुरू झाली, फ्लडलाइट लागले आणि ताऱ्याने अचानक उजळ व्हायला सुरुवात केली. तेव्हापासून आसपासच्या दिव्यांच्या वेळा मी आधी विचारून ठेवतो.

खड्डा किती खोल

ग्रह समोर आल्यावर ताऱ्याचा प्रकाश दीड टक्क्याने कमी होतो. हे डोळ्याला कळणे अशक्य. एका फोटोतही कळत नाही, कारण एका फोटोतली चूकच टक्काभर असते. पण अशा २५ फोटोंची सरासरी घेतली की चूक पाचपट घटते, २५ चे वर्गमूळ पाच म्हणून. मग दीड टक्क्याचा खड्डा नीट दिसू लागतो. पाच तासांत तीनशे ते सहाशे फोटो होतात, तेवढे पुरतात.

त्याच फोटोत साधारण तेवढ्याच तेजाचे आणि शक्य तर तशाच रंगाचे दोन-तीन शेजारी तारे निवडा. दर फोटोत आपल्या ताऱ्याचा प्रकाश भागिले शेजाऱ्यांचा प्रकाश, एवढेच गुणोत्तर काढायचे. हवेत धुरके आले तर ते सगळ्यांनाच मंद करते आणि भागाकारात निघून जाते. अ‍ॅस्ट्रोइमेजजे हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर हे काम करून देते. गुणोत्तर उभ्या अक्षावर, वेळ आडव्या अक्षावर. मधे उथळ थाळीसारखा आकार आला, की उठून चहा करायला हरकत नाही.

थाळीची खोली म्हणजे ग्रहाच्या चकतीने झाकलेला ताऱ्याच्या चकतीचा भाग. त्याचे वर्गमूळ म्हणजे दोघांच्या त्रिज्यांचे गुणोत्तर. मान्य आकडा १.४६ टक्के, वर्गमूळ ०.१२१. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १.१६ पट, म्हणजे सुमारे ८ लाख ७ हजार किलोमीटर. गुणाकार केला की ग्रहाची त्रिज्या ९७ हजार ७०० किलोमीटर. गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या ७१ हजार ५००. ओसायरिस त्याच्या १.३७ पट भरला.

तुमचा खड्डा बहुधा थोडा जास्त खोल येईल, १.६ टक्क्यांच्या आसपास. घाबरू नका. ताऱ्याची चकती कडेला मंद आणि मध्याकडे तेजस्वी असते, त्यामुळे ग्रह मध्याजवळ असताना आपल्या वाट्यापेक्षा जास्त प्रकाश अडवतो. ही दुरुस्ती न करता उत्तर काढले तर त्रिज्या पाचेक टक्क्यांनी फुगते. गच्चीवरच्या मोजमापाला तेवढे माफ.

८ जून २००४ चे शुक्राचे अधिक्रमण ज्यांनी काळ्या काचेतून पाहिले असेल त्यांना हे पटकन कळेल. शुक्र तेव्हा आपल्या इतक्या जवळ असूनही त्याने सूर्याचा जेमतेम हजारावा भाग झाकला होता. ओसायरिस १५७ प्रकाशवर्षांवरून त्याच्या पंधरापट मोठा भाग झाकतो. (तिथून आज आपल्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश निघाला, त्याच सुमारास, १८६७ साली, विरारहून पहिली गाडी बॅकबेला आली.)

ताऱ्यापासून अंतर

केपलरचा तिसरा नियम. फेऱ्याचा काळ वर्षांत लिहा: ३.५२४७ ÷ ३६५.२५ = ०.००९६५. त्याचा वर्ग करा, ताऱ्याच्या वस्तुमानाने (सूर्याच्या १.१२ पट) गुणा, घनमूळ काढा. उत्तर ०.०४७ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक), म्हणजे सुमारे ७० लाख किलोमीटर. बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ७९ लाख किलोमीटरवर आहे. हा त्याच्या आठपट आत शिरलेला.

एवढा परीघ साडेतीन दिवसांत पुरा करायचा तर वेग सेकंदाला १४५ किलोमीटर पडतो. हा आकडा जपून ठेवा, लगेच लागणार आहे.

वस्तुमान: इथे उसनवारी

फास्ट लोकल न थांबता स्टेशनातून जाते तेव्हा तिचा भोंगा ऐका. येताना चढा, गेल्यावर उतरलेला. ताशी ८० किलोमीटर वेगाला हा फरक जवळजवळ शुद्ध रिषभावरून षड्जावर आल्याइतका असतो. पेटी वाजवणाऱ्याने प्लॅटफॉर्मवर उभे राहून तपासून पाहावे.

प्रकाशाचेही असेच. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो, पण खरे तर दोघे मिळून एका समाईक बिंदूभोवती फिरतात. जड तारा छोटी घिरटी घेतो, हलका ग्रह मोठी. घिरटीत तारा आपल्याकडे आला की त्याच्या वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत फाकवल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) काळ्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर गेला की तांबड्याकडे. एचडी २०९४५८ चा हा वेग सेकंदाला ८४.५ मीटर, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या थोडा वर. ऐकायला दणदणीत वाटतो. पण प्रकाशाच्या वेगापुढे तो पस्तीस लाखांतला एक भाग आहे, आणि तेवढे रेषांचे सरकणे गच्चीवरून मोजता येत नाही. त्यासाठी तापमान आणि दाब काटेकोर सांभाळलेला वर्णपटमापक लागतो. आपल्या जवळचा असा एक अबूच्या पहाडावर आहे, भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा ‘पारस’. त्याने २०२१ मध्ये टीओआय-१७८९ बी हा जवळपास ओसायरिससारखाच फुगीर ग्रह १.२ मीटरच्या दुर्बिणीवर शोधून दाखवला.

तेव्हा ८४.५ हा आकडा उसना घ्या. पुढचे गणित कॅरम खेळणाऱ्यालाही जमेल: ताऱ्याचे वस्तुमान × ताऱ्याचा वेग = ग्रहाचे वस्तुमान × ग्रहाचा वेग. ग्रहाचा वेग सेकंदाला १ लाख ४५ हजार मीटर, तो आपण आत्ताच काढला. १.१२ × ८४.५ ÷ १,४५,००० = ०.०००६५ सूर्य. सूर्य गुरूच्या १०४७ पट जड, म्हणून ग्रह भरला ०.६८ गुरू, पृथ्वीच्या सुमारे २१७ पट.

१४५ किलोमीटर हा वेग नुसता कागदावरचा वाटत असेल तर हे वाचा. २०१० साली इग्नास स्नेलेन आणि सहकाऱ्यांनी ग्रहाच्याच वातावरणातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा पकडून त्याचा वेग थेट मोजला. उत्तर सेकंदाला सुमारे १४० किलोमीटर, दहा इकडेतिकडे. केपलरच्या नियमाने आणि कॅल्क्युलेटरने काढलेला आकडा त्या पट्ट्यात बसतो. मला या सगळ्या उद्योगातला हा सर्वांत समाधानाचा क्षण वाटतो.

घनता आणि एक चकवा

०.६८ ला १.३७ च्या घनाने भागा, मग गुरूच्या घनतेने गुणा. घनसेंटीमीटरला सुमारे एक-तृतीयांश ग्रॅम. शनीच्या निम्मी, सागवानाच्याही निम्मी. ‘हा ग्रह पाण्यावर तरंगेल’ हे वाक्य तुम्हाला जागोजागी भेटेल. ते सोडून द्या. कुठल्याही टबात टाकला तरी हा वायूचा गोळा लाकडासारखा वागणार नाही. घनतेतून कळते ते एवढेच, की हा बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियम आहे आणि तोही थंड होऊन आक्रसलेला नाही. याच वस्तुमानाचा थंड वायुग्रह इतका मोठा असू शकत नाही. नुसत्या उन्हाने तापला असे धरूनही हिशेब पुरा बसत नाही. उष्णता आत खोलवर कशी पोहोचते यावर पंचवीस वर्षे वाद चालू आहे.

चकवा गुरुत्वाकर्षणात आहे. एवढा राक्षस, पण ढगांच्या माथ्यावर त्याचे गुरुत्व जवळजवळ पृथ्वीइतकेच, किंचित कमी. वस्तुमान पृथ्वीच्या २१७ पट, पण त्रिज्या पंधरापट, आणि तिचा वर्ग सव्वादोनशेच्या वर जातो. भागून बघा.

तापमान

ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ६०७० केल्विन. त्याला (ताऱ्याची त्रिज्या ÷ अंतराची दुप्पट) याच्या वर्गमुळाने गुणा. ८.०७ लाख ÷ १४०.८ लाख = ०.०५७, वर्गमूळ ०.२४, उत्तर सुमारे १४५० केल्विन, म्हणजे ११८० अंश सेल्सिअसच्या जवळपास. झवेरी बाजारातल्या मुशीत सोने १०६४ अंशांना वितळते. ओसायरिसवर ते घट्ट राहणार नाही.

यात दोन गृहीते लपलेली आहेत: ग्रह पडलेला सगळा प्रकाश शोषतो आणि उष्णता सगळीकडे सारखी वाटतो. दुसरे तर उघडच ढोबळ आहे. इतक्या जवळच्या ग्रहाचे एकच तोंड कायम ताऱ्याकडे वळलेले असते, जसे चंद्राचे आपल्याकडे. दिवसाची बाजू भट्टी, रात्रीची त्यामानाने निवलेली, आणि दोहोंमध्ये वारे. स्नेलेन यांच्या त्याच मापनात सेकंदाला दोनेक किलोमीटरच्या वाऱ्याची खूण मिळाली होती.

वातावरण, थोडक्यात

हे गच्चीवरून नाही. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो, आणि तिथले वायू आपापल्या रंगाचा प्रकाश खातात. हबल दुर्बिणीने असे करून ओसायरिसवर सोडियम ओळखले, २००१ च्या अखेरीस. परग्रहाच्या वातावरणाची ती पहिली नोंद. २००३ मध्ये त्याच्याभोवती निसटता हायड्रोजन सापडला, सेकंदाला किमान दहा हजार टन. ग्रह विरून जाणार अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. स्वतः गुणाकार करा: पाच अब्ज वर्षे याच गतीने गळती झाली तरी वस्तुमानाचा हजारावा भाग, फार तर किंचित जास्त, एवढाच जातो.

सरावासाठी: बिभा आणि संतमस

एचडी ८६०८१ हा षडंश तारकासमूहातला ८.७ प्रतीचा तारा. २०१९ च्या जागतिक नामकरण मोहिमेत भारताच्या वाट्याला हाच आला, आणि त्याचे नाव ठेवले बिभा, वैश्विक किरणांच्या अभ्यासक बिभा चौधुरी यांच्यावरून. १९४९ मध्ये त्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या, तिथल्या पहिल्या महिला संशोधक. ग्रहाचे नाव संतमस, म्हणजे ढगांनी झाकोळलेला.

आकडे देतो: फेरा २.१३८ दिवस, ताऱ्याचे वस्तुमान १.२१ सूर्य, ताऱ्याचा वेग सेकंदाला २०८ मीटर. अंतर काढा, सुमारे ५२ लाख किलोमीटर यायला हवे. ग्रहाचा वेग सेकंदाला १७६ किलोमीटर. वस्तुमान दीड गुरू. इथपर्यंत सगळे ओसायरिससारखेच सरळ जाते.

पण या दीडच्या आधी ‘किमान’ लिहा. संतमस ताऱ्यासमोरून जाताना दिसलेला नाही. त्याची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेला किती कललेली आहे ते ठाऊक नसले, की ताऱ्याच्या वेगाचा आपल्या दिशेचा तेवढाच हिस्सा हाती येतो. खरा वेग त्याहून जास्तही असू शकतो. खड्डा नाही म्हणून त्रिज्या नाही, त्रिज्या नाही म्हणून घनता नाही. कडेच्या हवेतून गाळून येणारा प्रकाशही नाही. वहीत त्या ओळी कोऱ्या सोडा. मार्चअखेर ते मे रात्रीच्या सुरुवातीला षडंश दक्षिणेला चांगला वर असतो. मघा नक्षत्राच्या खाली दुर्बिणीची जोडी फिरवली तर निदान बिभा सापडेल.